चार नंबरचा नळ

"मामा, हे कीटोन की अल्डिहाइड? चिठ्ठी गळून पडलीय," म्हणत बाईंनी बाटली त्यांच्या नाकाखाली धरली. "उद्या परीक्षेत मुलांना हेच ओळखायला द्यायचंय."

"कीटोन. गोडसर आहे," मामा म्हणाले.

बाई निर्धास्त झाल्या. तीस वर्षं याच प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मामांच्या नाकाबद्दल कॉलेजात कुणाला शंका नव्हती. खरं तर मामांना काहीएक वास आला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वीचा ताप उतरला, तो वास यायची शक्तीच घेऊन गेला. घरी दूध करपलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, शेजारी बसून कळलं नाही?" त्यांनी कशीबशी वेळ मारून नेली.

पण सकाळचं काय? मुलं दाराबाहेर थांबायची. मामा एकटे आत जाऊन गॅसच्या बाराही नळांवरून नाक फिरवायचे आणि हाक द्यायचे, "पेटवा!" मगच बर्नर पेटायचे. तीन आठवडे ते नुसतेच फिरून ही हाक देत होते. पण सांगायचं कुठल्या तोंडाने? या एका नाकामुळे तर लोक त्यांना ओळखत होते.

परीक्षेच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी आले. दोन्ही द्रव बिनरंगी, रेणूत अणूही तेवढेच. ऑक्सिजन साखळीच्या टोकाला असला की अल्डिहाइड, मध्ये असला की कीटोन. नाक सांगत नसेल तर चांदीला विचारायचं. चार नंबरच्या टेबलावर त्यांनी बर्नर पेटवून पाणी तापत ठेवलं, काचनळीतल्या चांदीच्या द्रावणात बाटलीतले चार थेंब टाकले आणि नळी गरम पाण्यात धरली. कीटोन असतं तर काहीच झालं नसतं. काचेच्या आतून हळूहळू चांदीचा आरसा चढला.

नळी तशीच टेबलावर ठेवून मामा कपाटापाशी नवी चिठ्ठी लिहायला गेले. मागे पाणी ज्योतीवर उतू गेलं. परत आले तेव्हा ज्योत नव्हती. आपणच विझवली असेल, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने मुलं दारात जमली. मामा आत गेले आणि पहिल्याच टेबलापाशी त्यांचा पाय अडला. ते माघारी वळले.

"बाई, बाटलीत अल्डिहाइड आहे. आणि नळ आज तुम्ही बघा. मला वास येत नाही. तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे? आणि रोज तुम्ही..." बाई दोन पावलं आत गेल्या आणि थबकल्या. पदर नाकाला लावून, टेबलावरचं सांडलेलं पाणी बघत म्हणाल्या, "सगळे खाली चला. कुणी काडी ओढू नका, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. मामा, चार नंबर."

मामांनी जाऊन नळ बंद केला. मग एकेक खिडकी उघडली. दारातून बाई खोकत होत्या. मामांना साधी शिंकही आली नाही.

टेबलावर आरशाची नळी पडून होती. हे द्रावण साठवलं की स्फोटाचं भय, म्हणून ते लगेच धुवायचं. तीस वर्षांत त्यांनी एकदाही शिल्लक ठेवलं नव्हतं. मामांनी नळी उचलली आणि मान खाली घालून धुवायला घेतली.