निळ्या गाडीत नसलेला डबा

दापोड्याच्या केसरीनाथशेठनं दोन्ही मोटारींची बॉनेटं उघडून ठेवली होती आणि बाजूला हवालदार खुर्ची टाकून बसला होता. ते पाहून जिव्या फाटकापाशीच थांबला.

मोटारी परदेशी, एकाच कंपनीच्या. ट्रकांवर पैसा केलेल्या शेठनं त्या मुंबईला वकिलातीच्या लिलावात उचललेल्या; निळी एकोणसत्तर सालची, पांढरी पंच्याहत्तरची. अंगणात दोन हत्ती झुलावेत अशी हौस, दुसरं काय. त्या हत्तींना हात लावायची हिंमत असलेला मेकॅनिक मात्र एकच होता, वज्रेश्वरीकडच्या कातकरवाडीतला जिव्या.

शेठनं बोट दाखवलं. पांढरीच्या हवेच्या नळीवर ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा होता. निळीत त्या जागी नुसतीच नळी.

"डबा कुठं इकलास?" शेठनं विचारलं.

गावात कोंबडी हरवली तरी पहिला शिपाई कातकरवाडीवर यायचा. जिव्याच्या बापाला असंच एका पितळी हंड्यासाठी उचललं होतं. हंडा दोन दिवसांनी विहिरीत सापडला, पण बापाचा डावा हात पुन्हा कधी खांद्यापर्यंत गेला नाही.

निळीला तो डबा कधी नव्हताच, हे त्यानं चाचरत सांगून पाहिलं. आत हवा किती आली हे कळल्याशिवाय पेट्रोल किती सोडायचं ते इंजिनाला ठरवता येत नाही. पांढरी ती हवा दारातच मोजते, जकात नाक्यावर पोती मोजावीत तशी. निळी आतला दाब बघून अंदाज बांधते. तिकडे परदेशात धुराचे कायदे कडक झाले, अंदाजावर भागेना, म्हणून कंपनीनं नव्या गाडीला डबा दिला, असं गाड्या पोचवायला आलेल्या वकिलातीच्या ड्रायव्हरनं त्याला सांगितलं होतं. हवालदारानं जांभई दिली. आईबाप एकच, मग पोरींची नाकं वेगळी कशी, असं शेठनं खवचटपणे विचारलं.

पटवायचा एकच मार्ग जिव्याला ठाऊक होता, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती होती. गेल्या मंगळवारी पांढरीत ऑइल भरल्यावर टोपण आवळायचं तो विसरला होता. खड्ड्यांत ते निघालं आणि वज्रेश्वरीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. नव्या जावयादेखत शेठला ती बैल जुंपून ओढून आणावी लागली. हे ज्याच्यामुळे झालं त्याची चामडी सोलीन, असं शेठ तेव्हापासून म्हणत होता. गाडी अंगणात आल्यावर जिव्यानं बॅटरीपाशी अडकलेलं टोपण गुपचूप बसवून टाकलं होतं.

इकडे आड, तिकडे विहीर. पण चोर ठरण्यापेक्षा मार खाल्लेला बरा, असं म्हणून त्यानं निळी चालू केली आणि तिच्या ऑइलचं टोपण काढलं. ती उलट जरा जोरात गुरगुरली. मग त्यानं दाब मोजणाऱ्या डबीला जाणारी बारकी रबरी नळी उपसली. गाडीनं काळा धूर ओकला आणि बंद पडली.

"हिचं नाक ह्ये हाय, शेट. टोपणातून शिरलेली हवाबी ह्येनंच हुंगली."

मग त्यानं पांढरी चालू केली आणि तिचंही टोपण काढलं. गाडी खोकली, अडखळली आणि गप्प झाली.

"टोपणातून शिरली ती हवा डब्यानं मोजली न्हाय. पेट्रोल कमी पडलं." त्यानं टोपण शेठपुढे धरलं. "मंगळवारी टोपण मीच इसरलो होतो."

शेठनं टोपण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग त्यानं जिव्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली आणि हसायला लागला. चोरी झालेलीच नाही, असं त्यानं हवालदाराला सांगून टाकलं. जिव्याला ती चपराक गोड लागली.

हवालदार उठला आणि त्यानं खिशातून वही काढली. नाव विचारलं, वाडी विचारली.

"चोरी झाली न्हाय ना, साहेब?"

"नाही झाली. पण कुठला पार्ट कुठं असतो ते तुला बरोब्बर ठाऊक आहे. लिहून ठेवलेलं बरं, पुढच्या वेळी शोधायला नको. बापाचं नाव?"

जिव्यानं नाव सांगितलं. सांगताना त्याचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.