गळ्यापुरता रंग

टप्.

दुपारी या घरात सगळे आडवे झालेले असतात. लाइट गेली की कूलरही गप्प होतो आणि पालीचं भिंतीवर चालणंसुद्धा ऐकू येईल अशी सामसूम पसरते. अशा वेळी माझ्या पोटावरून निघालेला एक थेंब खालच्या परातीत पडतो. दचकू नका, मित्रांनो, तो आवाज माझाच. मी बडनेऱ्याच्या या घरातली जुनी मातीची घागर. जुनी म्हणजे दुसऱ्या उन्हाळ्यातली. तुम्हाला हसू येईल, पण वऱ्हाडातला एक अख्खा उन्हाळा अंगावर घेऊन जी धड राहिली, तिला आम्हां घागरींत वडीलधारी समजतात.

मी दिसायला फार देखणी नाही. गळ्याभोवती एक लाल कडं आहे, तेवढाच काय तो दागिना. पोटावर ओरखडे आहेत आणि मधूनमधून पिवळे डाग. नव्या पाहुण्यांना वाटतं, कुठूनतरी स्वस्तात आणली असावी. मग ते एक पेला पाणी पितात आणि दुसरा मागतात. डागांची गोष्ट सांगते, ऐका.

माझा जन्म अचलपूरचा. सहदेव कुंभारांनी तळ्याची माती आणली, चाळली, त्यात राख मिसळली आणि लोण्यासारखी होईपर्यंत पायांनी तुडवली. चाकावर माझा गळा आणि खांदे घडले. पोट मात्र चाकावर होत नाही बरं का, ते मार खाऊन होतं. आतून एका हाताने गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने थापटत राहायचं. थापटता थापटता मी मोठी झाले. मग सावलीत वाळले, आणि शेवटी आव्यात, म्हणजे मडकी भाजण्याच्या भट्टीत, भाजून निघाले.

बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं होती. ती छिद्रं म्हणजेच माझी विद्या. त्यांतून पाणी हळूच बाहेर झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत घेऊन जातं. याला घागरीला घाम येणं म्हणतात. पण तेव्हा मला माझ्या विद्येची किंमत नव्हती. मला हवा होता रंग.

त्याचं असं झालं, की सहदेवांच्या शेजारी नाजियाबाई राहतात. दर रविवारी त्या सहदेवांच्या अंगणात मोठी सतरंजी अंथरतात आणि गावोगावची मुलं आईवडिलांसोबत तिथे मडकी रंगवायला येतात. पणत्या, कुंड्या, पैसे साठवायचे गुल्लक अशा लहानसहान भावंडांवर फुलं उमलायची, मोर नाचायचे. आम्ही घागरी मात्र भिंतीशी उभ्या. आमच्याकडे ब्रश घेऊन कोणी फिरकायचं नाही. आपण एवढ्या गोल, एवढ्या गुळगुळीत, मग आपल्यालाच कोरं का ठेवलं, असं मला सारखं वाटायचं.

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखजीला, दोन दिवस उरले असताना हे कुटुंब बसने तिथे आलं. रेल्वेत नोकरी करणारे नितेश, त्यांची बायको रागिणी, पहिलीत जाणारी मैना आणि तिचा धाकटा भाऊ विपुल. विपुल तेव्हा एवढासा, पण हात सगळ्या रंगांत. मुलांना रंगवायला आणायचं आणि येताना एक घागर घ्यायची, असा त्यांचा बेत होता. नितेशचे वडील रामराव, म्हणजे मुलांचे आबाजी, त्या हिवाळ्यात गेले होते. अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. रामरावांची ती पहिलीच घागर. म्हणून त्यांच्या पत्नी कौशल्याबाई यांनी घरून बजावून पाठवलं होतं, की घागर ठोकून, आवाज ऐकूनच घ्या.

रागिणीने बोट वाकवून एकेकीला ठोकलं. माझा आवाज खणखणीत निघाला. तिने मला उचललं आणि सतरंजीच्या कडेला ठेवलं. तेवढ्यात विपुलने हिरव्या रंगात बुडवलेला पंजा बापाच्या पांढऱ्या शर्टावर उमटवला.

"राहू दे," रागिणी नवऱ्याला म्हणाली. "तसाही तो जुना शर्ट तुम्ही सोडून राहिले नव्हते."

ती विपुलला नळावर घेऊन गेली, नितेश शर्ट धुवायला गेले. मैनापुढे रंगवायला एक गुल्लक होतं. तिने ते बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी मला पुढे ओढलं.

"बेटा, ही तर घरची घागर दिसते," नाजियाबाई म्हणाल्या. "मम्मीले विचारलं का?"

"ही आबाजीची हाय," मैना म्हणाली. तिच्या आवाजात इतका ठामपणा होता, की नाजियाबाईंना वाटलं घरी ठरवूनच आले असतील.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला तो आनंद. आधी पोटभर पिवळा रंग. मग त्यावर आबाजींची सायकल. एक चाक चुकलं म्हणून तिने शेजारी तिसरं काढलं. सायकलच्या कॅरिअरवर कापसाची बोंडं, ढगांएवढी. आणि सगळ्यात शेवटी, जीभ दातांत धरून, श्वास रोखून, गळ्याभोवती एक लाल कडं. रागिणी परत आली आणि जागीच थबकली. रागवायला तिने तोंड उघडलं होतं. पण लेकीच्या कपाळावरचा घाम पाहून ती एवढंच म्हणाली, "झालं?"

परतीच्या बसमध्ये मी रागिणीच्या मांडीवर होते. साऱ्या बसचं लक्ष माझ्याकडे.

"काय ताई, घागरीचं लगन हाय का?" कंडक्टरने विचारलं.

"लगनच समजा. तिचं तिकीट तं नाही न लागत?"

"मांडीवर बसली तं नाही. सीटवर बसली तं हाफ."

मी फुलून गेले. आपल्यासारखी घागर उभ्या जिल्ह्यात नसेल, असं मला वाटत होतं.

घरी कौशल्याबाईंनी मला पाहिलं. नवी घागर आधी पाण्याने भरून ठेवतात, तशी त्यांनी मला भरली आणि खिडकीजवळ ठेवली. सकाळी चहाच्या आधी त्या आल्या आणि त्यांनी माझ्या पोटावर तळहात टेकवला. तळहात कोरडाच राहिला.

"घाम नाई आला हिले," त्या म्हणाल्या.

"नवी आहे, आत्याबाई. येईल हळूहळू," रागिणी सासूला म्हणाली.

"नवीले तं जास्त येते. रंगानं अंग बुजलं तिचं. पानी पाह्य, चहाले ठेवल्यावानी लागून राहिलं."

रागिणीने बोट बुडवलं आणि तिचा चेहरा उतरला. "मले सुचलंच नाही."

"तुले काय बोलू, पोरीनं हौसेनं केलं. पन त्याहिले थंड पान्याबिगर घास उतरत नोयता. पहिल्याच आखजीले कोमट पानी ठेवू का त्याहिच्यापुढं? नितेश, जा बाप्पा, बजारातून एक साधी घागर घेऊन ये. हे राहू दे शोभेले."

शोभेला. मित्रांनो, ज्या शब्दासाठी मी भिंतीशी उभी राहून झुरले होते, तोच आता कानात उन्हासारखा गेला. पाणी पोटात असून मी काहीच करू शकत नव्हते. माझी सगळी छिद्रं मिटली होती.

दारात मैना उभी होती. कधीची, कोणास ठाऊक.

"दुसरी नको," ती म्हणाली.

"काहून व?" आजीने विचारलं.

"साऱ्याइच्या घागरी लालच राह्यतात. आबाजीले आपली कशी ओळखू येईन? त्याले नीट दिसत नाई."

शेवटच्या वर्षी रामरावांना फार अंधुक दिसायचं, हे मला त्या दिवशी कळलं. जेवायला बसले की ते शेजारच्याचाच पेला उचलायचे आणि ओशाळून खाली ठेवायचे. तेव्हा मैनानेच त्यांच्या पेल्याला लाल दोरा बांधला होता. ते बोटाने दोरा चाचपायचे आणि म्हणायचे, हा माह्या. माझ्या गळ्यातलं लाल कडं म्हणजे तोच दोरा होता. भडक पिवळा रंग आणि एवढी मोठी सायकल होती ती आबाजींच्या अंधुक डोळ्यांना लांबूनच ओळखू यावी म्हणून.

कौशल्याबाई खाली बसल्या. त्यांनी नातीला जवळ ओढलं. "मंग तूच सांग माय. ओळखू येनारं कोमट पानी ठेवू, का न ओळखू येनारं थंड?"

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनाही खरंच विचारायचं होतं. मैना माझ्याकडे पाहत राहिली. सायकलवर तिने बोट फिरवलं, तीन चाकांवर एकेक करून.

"पोटाचा काढा," ती म्हणाली. "सायकल गेली तं चालन. गळ्याचा राहू द्या."

"राहू दे," आजी म्हणाली. "गळ्यापर्यंत पानी कुठं भरतो आपन."

मग सगळं घर माझ्याभोवती बसलं. नितेशनी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला. रागिणीने गरम पाणी आणि नारळाचा काथ्या घेतला, कौशल्याबाईंनी विटेचा तुकडा. विपुलला काम हवं होतं म्हणून त्याच्याकडे फुंकर मारायचं काम दिलं. घासताना दुखलं, खोटं कशाला सांगू. सायकल गेली, बोंडं गेली. गळ्याजवळ आल्यावर कौशल्याबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं आणि शेवटचं दोन बोटं अंतर स्वतः घासलं, कड्याला जराही धक्का न लावता. पिवळा रंग खोल गेला होता तिथे तो डागांच्या रूपाने राहिला. मी कुरूप झाले. पण संध्याकाळी मला पुन्हा भरलं, आणि खिडकीतून वारा आला, तसा माझ्या अंगाला गारवा जाणवला. मिटलेली दारं एकेक करून उघडत होती.

सणाच्या सकाळी माझ्या पोटावर बारीक दव होतं. कौशल्याबाईंनी त्यावर हात फिरवला आणि तो ओला हात मैनाच्या गालावर ठेवला. "पाह्य."

"थंड हाय," मैना म्हणाली.

माझ्या तोंडावर खरबूज ठेवलं, फूल वाहिलं. पुढे ताट मांडलं, त्यात आमरस होता, कुरडया होत्या. कौशल्याबाईंनी हात जोडले आणि माझ्या लाल कड्याला बोट लावून हळूच म्हणाल्या, "हे तुमची." बस्, एवढंच. त्या क्षणी मला सायकलीची आठवण झाली नाही.

त्यानंतर मी या घरात जी कामाला लागले, ती पाऊस येईपर्यंत. फ्रीज आहे इथे, पण पाहुणे त्याच्याकडे वळत नाहीत. पाऊस लागल्यावर मात्र मला जिन्याखाली पालथं घालून ठेवलं. कोळ्याने जाळं विणलं, विपुलने दोनदा ढोल म्हणून वाजवलं. आठ महिन्यांत कोणी हाक मारली नाही. मी काही कुरकुरले नाही. आपलं काम ज्याला ठाऊक आहे त्याला वाट पाहता येते. ऊन तापलं तसा रागिणीचा हात जिन्याखाली आला. तिने मला बाहेर काढलं, काथ्याने घासलं, एक दिवस उन्हात ठेवलं, आणि मी पुन्हा या खिडकीजवळ आले.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखी कोणी असेल. तिला साबणाने घासू नका, आपटून ठेवू नका, वाऱ्याच्या वाटेत जागा द्या. आणि तिच्यावर माया दाटून आली, ब्रश हातात घ्यावासा वाटला, तर अवश्य घ्या. फक्त रंग लावण्याआधी ती श्वास कुठून घेते ते एकदा विचारा. घागरीचं राहू द्या, माणसांचंही असंच असतं म्हणतात.

काल माझ्या शेजारी एक कोरी घागर आली आहे, यंदाच्या आखजीला आबाजींच्या नावाने भरायची. गोल, गुळगुळीत, थोडी घाबरलेली. आत्ता, घर झोपलेलं असताना, मैना हळूच उठली आहे आणि तिने लाल रंगाची बाटली उघडली आहे. रागिणीही उठून आली. तिने नव्या घागरीला दोन्ही हातांनी धरलं आहे, हलू नये म्हणून. मैना पोटाकडे पाहतसुद्धा नाही. जीभ दातांत धरून ती गळ्याभोवती कडं काढते आहे, आणि ते पहिल्यापेक्षा पुष्कळ सरळ आलं आहे. कड्याची दोन टोकं जुळली. तिने ब्रश खाली ठेवला, मान वाकडी करून पाहिलं आणि मग आईकडे वळली.

"आई, मंग तुह्या नावाच्या घागरीवर मी काय काढू?"

रागिणीचे दोन्ही हात घागरीवर तसेच राहिले.