ट्रक येण्याआधी

"आधी त्यांचं पाणी, मग आपला चहा. बर्फ फोडल्याशिवाय घरात यायचं नाही, सुनेत्रा."

नवऱ्याचा, विश्वासचा आवाज अजून तस्सा कानात होता, आणि हातात फोन. सिंगापुरात, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये सकाळचे सहा वाजले होते; तिकडे, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, दहा. जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. रात्रीतून हौदावर बोटभर बर्फ धरायचा, घोड्यांच्या झुली पत्र्यासारख्या ताठ व्हायच्या, खुरांत बर्फाचे गोळे अडकायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर विश्वासनं म्हाताऱ्या घोड्यांसाठी तिथं फार्म घेतलं होतं. सहा हिवाळे दोघांनी मिळून बर्फ फोडला. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि सुनेत्रा मुलाकडे, निहारकडे सिंगापूरला आली, पण नेम सुटला नाही. फार्म सांभाळणाऱ्या प्रकाशकडून "प्याले" ऐकल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे.

"प्याले का रे?"

"प्याले, काकू. घ्या तुम्ही चहा."

"आज जरा दाखव की. कस्तुरीला बघून महिना झाला."

"रेंज नाहीये, काकू."

"बोलतोयस तर घंटेसारखा खणखणीत."

थोड्या वेळानं चित्र आलं. पांढरं कुरण, त्यावर एकही खूर उमटलेला नाही. हौदावरचा बर्फ अखंड होता. आत एक पान गोठलं होतं.

"प्रकाश, घोडे कुठंयत?"

"निहारदादांनी फार्म विकलं, काकू. बाकीचे चार घोडे गेल्या आठवड्यात ट्रकनं गेले. कस्तुरी आत आहे, तिला मी बादलीनं पाजतो, देवाशपथ. तिचा ट्रक गुरुवारी."

"आणि तू मला रोज प्याले म्हणत होतास."

"दादा म्हणाले, आईला कळलं तर पाणी सोडेल. मी तरी काय करू? तुम्ही तिकडे कोरड्या बसणार..."

आठ दिवसांचा चहा तिच्या घशाशी आला.

निहार दाराशी बूट चढवत होता.

"सह्या तूच केल्यास, आई."

"तू विम्याचे कागद म्हणालास."

त्यानं नाडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "सव्वीस वर्षांची घोडी कोण घेणार? चार ठिकाणी विचारलं मी. नव्या मालकाला जमीन हवी, जनावरं नकोत."

"ट्रक कुठं जातो?"

"माझी एमआरटीची गाडी चुकेल, आई."

तो गेल्यावर तिनं शेजारच्या फार्मवर स्वतः फोन लावला. त्या बाई गोड बोलल्या, विश्वासची आठवण काढली, आणि हिवाळ्यात स्वतःच्याच घोड्यांना चारा पुरत नाही म्हणाल्या.

हॉस्पिटलात विश्वासनं तिचं मनगट धरलं होतं. कस्तुरीला खाटकाच्या ट्रकात चढवू द्यायचं नाही. वेळ आलीच तर तिच्याच तबेल्यात, आणि आपलं माणूस जवळ हवं. बोलायला त्याला किती कष्ट पडत होते. ती हो म्हणाली होती. वेळ म्हणजे काय, ते विचारलं नव्हतं.

तिनं पुन्हा प्रकाशला फोन केला.

"घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना गुरुवारी सकाळी बोलाव. ट्रकच्या आधी."

"कस्तुरी ठणठणीत आहे, काकू. डॉक्टर कशाला?"

"ट्रकात ती चढणार नाही, म्हणून." पलीकडे वारा पत्र्यावर आपटत होता.

"काकू," प्रकाश हळूच म्हणाला, "माळकरी माणूस तुम्ही, गॅसवर मुंगी दिसली तर गॅस बंद करून बसता. इकडे यायचं म्हणत असाल, तर नका येऊ. मी उभा राहीन तिच्याजवळ."

"नाही. मी पोचेपर्यंत सुई लावू देऊ नकोस. तिचं तोंड मी धरीन."

"दादांना काय सांगू?"

"विचारलं तर खरं सांग. एकदा सांगून बघ."

रात्रीच्या विमानात जागा मिळाली. दुपारभर तिनं घर आवरलं, निहारचं जेवण झाकून ठेवलं, कपाटाच्या तळातून जाड कोट काढला. बाहेर शर्ट अंगाला चिकटावा असं ऊन होतं. मग ती देवघरापुढे बसली. दिवा लावला नाही, हातही जोडले नाहीत. लग्नाआधीपासून गळ्यात असलेली तुळशीची माळ तिनं डोक्यावरून काढली आणि विठोबाच्या पायाशी ठेवली. मोकळ्या गळ्यावरून एकदा हात फिरवला, कोट हातावर टाकला आणि दार ओढून घेतलं.