तीन फुटांचा चर

दगडी कोळसा भाजून कोक करणाऱ्या जुन्या भट्टीच्या जागेवर एकशेचाळीस घरं होणार, हे कानावर आलं तेव्हा ऑड्री चार्लटनने कप असा आपटला की बशीला तडा गेला.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर तिथे एक वीट रचू देणार नाही."

"आई, तू अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहेस," तिची मुलगी लिनेट म्हणाली.

"म्हणूनच. त्या भट्टीवाल्यांनी मागच्या बाजूला काय काय ओतलं, ते डोळ्यांनी बघितलेली मीच तर उरलेय."

ऑड्रीच्या कुंपणापलीकडची ती भट्टी बंद पडून चाळीस वर्षं झाली होती. तरी पाऊस पडला की त्या जमिनीवर निळसर तवंग यायचा आणि कुत्री तिथे पाय ठेवत नसत. ऑड्री दारोदार फिरली, चारशे सह्या आणल्या. जो सही करायला कां कूं करी, त्याला उंबऱ्यातच ऐकवायची, "नको करूस. नातवंडं तिथेच रांगायला सोड म्हणजे झालं."

नगरपालिकेच्या सभेत बांधकाम कंपनीची मिस प्रायर उभी राहिली. पोरगी गोड बोलायची, इस्त्रीसुद्धा कडक. म्हणाली, "आम्ही सगळ्या जागेवर दोन फूट स्वच्छ माती पसरणार आहोत. काळजीचं कारण नाही."

"दोन फूट?" ऑड्री बसल्या जागेवरून ओरडली. "बाई, तू या गावची नाहीस हे कळलं. इथला बाप्या नव्या घरात पलंग लावायच्या आधी लीकचा चर खणतो. आणि तो तीन फुटांचा असतो!"

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. खोटं काय होतं त्यात? लीक ही कांद्याच्या जातीची, मनगटाएवढ्या जाडीची लांबलचक पात पिकवायची आणि सप्टेंबरात क्लबातल्या प्रदर्शनात मांडायची, यापायी इथले पुरुष वर्षभर झुरत. चरात कोण काय घालतो, ते बायकोलाही सांगत नसत. ऑड्रीचा नवरा कथबर्ट अकरा वेळा कप जिंकला होता. तो जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्याचा चर तिने तसाच राखला होता. त्यातल्या लीकचं सूप तिच्या चुलीवर अजून शिजत होतं.

अध्यक्षांनीही मान डोलावली. तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं.

मिस प्रायर लाल झाली. "शंभर वर्षांचा धूर या सगळ्या गावावर बसलाय, मिसेस चार्लटन. आमची जागा तुमच्या परसबागांपेक्षा वाईट नाही."

हे मात्र ऑड्रीला झोंबलं. "माझं परस घाण? माझ्या नवऱ्याच्या चरातली माती न्या आणि तपासा! तिच्याइतकी स्वच्छ निघाली तुमची जागा, तर खुशाल बांधा घरं."

मागच्या रांगेत कथबर्टचा जुना सोबती सेप अर्धवट उठला. त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि खाली बसला. ऑड्रीला वाटलं, म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असतील.

तीन आठवड्यांनी सभेत तपासणीचा निकाल वाचून दाखवला. भट्टीच्या जागेत शिसं होतं, आर्सेनिक होतं. कथबर्टच्या चरात दोन्ही त्याच्या दुप्पट होतं. दहा मिनिटांत घरांना परवानगी मिळाली. टाळ्या वाजल्या नाहीत, कुणी तिच्याकडे बघितलंही नाही.

बाहेर पायऱ्यांवर सेप टोपी हातात घेऊन उभा होता.

"भट्टीमागची काळी माती, ऑड्री. कथबर्ट दर वसंतात हातगाडी भरून आणायचा. लीक नुसती उसळायची त्यात."

"मला तर म्हणायचा, समुद्रावरून शेवाळ आणतो."

"ते वर पसरायला."

"आणि तू त्या दिवशी तोंडाला कुलूप लावून बसलास?"

"चराचं गुपित फोडत नाहीत गं. मेलेल्या माणसाचं तर नाहीच."

घरी जाऊन तिने सुपाचं पातेलं मोरीत उपडं केलं. जायच्या आधी दोन वर्षं कथबर्टचं पोट दुखत होतं. डॉक्टर म्हणाला होता, वय. ती त्याला रोज वाटीभर सूप पाजायची, ताकद यावी म्हणून.

पुढच्या वसंतात पहिली घरं भरली. ऑड्रीच्या कुंपणापलीकडे एक तरुण बाप कुदळ घेऊन उतरला. पायाशी त्याची चिमुरडी मुलगी मातीत बोटं खुपसत होती.

"खणू नकोस रे बाबा," ऑड्री कुंपणाला धरून म्हणाली. "दोन फुटांखाली विष आहे."

तो हसला. वाईट हसला नाही, कौतुकानेच हसला. "आजी, तो अहवाल आम्हाला घराच्या कागदांसोबत दिलाय. तुमचंच परस आमच्यापेक्षा वाईट निघालं ना? आणि कप तर तुमच्याच घरात अकरा!"



ती तिथेच उभी राहिली. कुदळ मऊ मातीत जात होती. थोड्या वेळाने आवाज बदलला, करकर लागली. तो थांबला, वाकला आणि मूठभर काळी माती उचलून पोरीला दाखवायला लागला.

"बघ," तो म्हणाला, "काय भारी माती आहे!"