जोडीतला नवा सेल

टक्.

सेल टेबलावर आपटला, उडाला आणि लोळत जाऊन जावयाच्या ताटाला अडला.

"मेलाय," काका म्हणाले.

"बाबा, आत्ता चार्जरमधून काढलाय. काठोकाठ भरलाय," जावई म्हणाला.

"पोट भरलेला माणूस उड्या मारतो का? भरलेला सेल धप्पकन बसतो. उडतो तो रिकामा."

जावयाने सेल पुसून परत दिला. "ती परीक्षा साध्या सेलची, बाबा. हा रिचार्जेबल आहे. याची आतली बांधणी वेगळी. हा भरलेला असला तरी उडणारच."

"वा! म्हणजे परीक्षेत नापास झाला की परीक्षाच चुकीची."

मुलगी वाढता वाढता थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

काकांचं उभं आयुष्य एका कचेरीची लिफ्ट चालवत उभ्यानेच गेलं होतं. निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे राहायला आले आणि जवळच्या प्रार्थनागृहात माइक सांभाळू लागले. तिथे अक्का गाऊन प्रवचन सांगत. वय झालेलं, अंग वाळलेलं, पण सूर लागला की मागच्या रांगेतल्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी उभं राही. तो सूर मागच्या रांगेपर्यंत पोचवणं ही काकांची सेवा. अक्कांच्या कमरेला माइकची डबी असे, तिला दोन पेन्सिल सेल लागत, आणि प्रत्येक सेल टेबलावर आपटून, आवाज ऐकूनच काका आत घालत. त्यामुळे सगळे त्यांना टकटककाका म्हणत.

दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. काका पाणीसुद्धा फुंकून पीत. त्याला कारण होतं. फार पूर्वी त्यांनी नावाजलेल्या कंपनीचे म्हणून घेतलेले सेल नखाने खरवडले, तर वरचा कागद निघून खाली भलत्याच कंपनीचं नाव दिसलं. तेव्हापासून छापील अक्षरावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

आणि आता जावई म्हणत होता की, सेल कंपनीचेच घ्या.

जावयाने नुकतंच स्वतःचं दुकान टाकलं होतं. दुरुस्ती आणि विक्री. गिऱ्हाईक अजून रुळलं नव्हतं. प्रार्थनागृहाला सगळे माइक, स्पीकर नवे घ्यायचे होते, आणि सचिव म्हणाले होते, "तुमचे सेल आणि चार्जर आधी काकांना वापरून बघू दे. काका हो म्हणाले की सगळा माल तुमच्याकडूनच." दुकान उभं राहायचं तर हे काम मिळायलाच हवं होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. म्हणूनच तर काकांच्या मनात पाल चुकचुकत होती. ज्याला विकायचं आहे तोच गुण गाणार.

"स्वस्तातले का नाही चालत?" त्यांनी विचारलं.

"स्वस्तातल्यावर आकडा मोठा छापतात, आत तेवढा माल नसतो. चांगल्या कंपनीच्या सेलवर आकडा लहान असतो, पण तो खरा असतो. चार्जरचंही तसंच. स्वस्तातल्याला थांबायचं कळत नाही. सेल भरला तरी भरतच राहतो, शिजवून काढतो. हा चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघतो. भरला की हिरवा दिवा."

"हिरवा दिवा कुणीही लावील."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्हाला पटेल अशी एक वस्तू सांगा या घरात."

काका उठले. खोलीत जाऊन त्यांनी दोन्ही सेल नखाने खरवडून पाहिले. कागद निघाला नाही. चिकटवणारे हल्ली हुशार झालेत, एवढंच त्यांच्या मनात आलं.

प्रवचनाच्या दिवशी सकाळी त्यांनी नवे सेल डबीत घातले, तर डबीवरच्या तीन रेघांपैकी दोनच उमटल्या. काकांना हेच हवं होतं. जावयाने आधीच सांगितलं होतं की, या सेलचा जोर मुळात थोडा कमी, म्हणून रेघ कमी दिसते, पण शेवटपर्यंत एकसारखा चालतो. आधीच सांगून ठेवलेली सबब म्हणजे तर चोराच्या मनात चांदणं.

तरी काका अन्याय करणारे नव्हते. लिफ्टवर नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी एकटा सोडत नसत, जुन्याच्या जोडीला उभा करत. काकांनी तोच न्याय लावला. एक नवा सेल काढून ठेवला आणि त्याच्या जागी आपल्या डब्यातला, मागच्या प्रवचनात वापरलेला पण भरवशाचा, आपटून धप्प वाजलेला जुना सेल बसवला. नवा दगा देईल तर जुना सांभाळून घेईल.

अक्कांनी सुरुवात छान केली. नमन झालं, मग त्या गोष्टीत शिरल्या.

"एक होता संशयी माणूस. त्याच्या दारात विहीर. पण पाणी आहे की आटलं, याची खात्री कशी व्हावी? तो रोज एक दगड टाकायचा. डुबुक वाजलं की समाधान. आज टाकला, उद्या टाकला, आणि एके दिवशी बघतो तर काय –"

आवाज गेला.

काकांनी आवाजाची कळ वर ढकलली. काही नाही. तारेचा माइक घेऊन ते धावणार तोच अक्कांनी हाताने "बसा" अशी खूण केली आणि उघड्या गळ्याने पुढे सांगू लागल्या. पुढच्या रांगा हसल्या. मागे काही ऐकू आलं नाही. माना वळल्या त्या काकांकडे. आपल्यालाच हसताहेत, असं त्यांना वाटलं आणि कानशिलं तापली.

सचिव वाकून जवळ आले. "काय झालं, काका?"

"जावयाचे सेल," काका म्हणाले.

त्या क्षणी ते त्यांना खरंच वाटत होतं.

सगळे गेल्यावर त्यांनी डबी उघडली. नवा सेल कोरडा, स्वच्छ. जुन्याच्या बुडातून पाणी सुटलेलं आणि कडेने पांढरी बुरशी. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग त्यांना वाटलं, नव्यानेच जुन्याला मारलं असेल. त्यांनी डबी पुसली, दोन्ही नवे सेल घातले, माइक चालू केला आणि रिकाम्या सभागृहात बसून राहिले. मधूनमधून "हॅलो" म्हणत. स्पीकर प्रत्येक वेळी "हॅलो" म्हणे. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, विझलं, तरी तो म्हणतच होता. ना घसा बसला, ना आवाज पडला. काका संशय घेऊन एकेका दारात जाऊन आले, आणि शेवटी एकच दार उरलं. त्या दारात ते स्वतःच उभे होते.

ते तसेच सचिवांच्या घरी गेले.

"अहो, मी दुपारीच मोठ्या दुकानात फोन केला," सचिव म्हणाले. "शब्द देऊन बसलोय. तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग आता?"

"माझाच जुना सेल फुटला होता."

सचिव हळहळले, पण शब्द तो शब्द. "तुमच्या मनाला लावून घेऊ नका," असं म्हणून त्यांनी काकांना दारापर्यंत पोचवलं.

घरी जावयाला आधीच कळलं होतं.  त्याने काकांच्या पुढ्यात पाण्याचा पेला रोजच्यासारखाच सरकवला आणि तो ताटावरून लवकर उठला.

"सेल चांगले होते," काका मुलीला म्हणाले.

"मला कशाला सांगता? सगळ्या लोकांत सांगून आलात ना की त्याचा माल खोटा."

"लोकांत नाही. फक्त सचिवांना सांगितलं."

"सचिवांना सांगणं आणि दवंडी पिटणं यात फरक काय, बाबा? आज दोन गिऱ्हाइकं दुरुस्तीला टाकलेली वस्तू परत घेऊन गेली." ती भांडी लावत होती, तिचे हात थांबले नाहीत. "त्या माणसाच्या विहिरीचं काय झालं, ऐकलंत का? मी पुढे बसले होते. दगडांनी भरली ती. पाणी होतं, पण काढायला जागा उरली नाही."

काकांनी मान खाली घातली. त्यांना क्षमा मागता येत नव्हती असं नाही. पण बंद घरात मागितलेली क्षमा दुकानाच्या पायरीपर्यंत पोचणार नव्हती. आवाज कुठे पोचतो आणि कुठे नाही, एवढं त्यांना नक्की कळत होतं.

पुढच्या प्रवचनाला ते लवकर गेले. दोन्ही नवे सेल डबीत घातले. टेबलावर आपटले नाहीत. लोक जमले, अक्का येऊन बसल्या. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. जावई मुलीला सोडायला आला होता. आत येणार नाही, हे तो सकाळीच बोलला होता. इंजिन चालूच होतं. मुलगी एकटी आत आली आणि भिंतीजवळ बसली.

काका उठले. अक्कांसमोर जाऊन हात जोडले. "दोन शब्द बोलू द्या."

अक्कांनी डबीसकट माइक काढून त्यांच्या हातात दिला. कशाबद्दल, हे विचारलंही नाही.

काका आधी आपल्या जागी परत आले आणि दाराबाहेरच्या स्पीकरची कळ त्यांनी वर सरकवली. आजवर या माइकमध्ये त्यांनी "हॅलो"शिवाय काही म्हटलं नव्हतं. माना वळल्या.

"गेल्या वेळी आवाज गेला," ते म्हणाले, "तो माझ्या सेलमुळे. जुना होता, मी हट्टाने घातला. जावयाने दिलेले सेल चांगले होते. आत्ता मी बोलतोय तो त्यांच्यावरच. जावयाचा माल खरा आहे. खोटं मी बोललो होतो."

कुणीतरी खोकलं. सचिव छताकडे बघू लागले. मुलीने पदर तोंडाशी धरला.

काकांनी माइक अक्कांना नेऊन दिला, जागेवर येऊन बसले आणि हात कळीवर ठेवला. दाराकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही. अक्कांनी डोळे मिटले, श्वास घेतला. ती गाणं सुरू होण्याआधीची शांतता होती, आणि त्या शांततेत बाहेरचं इंजिन बंद झाल्याचं काकांना ऐकू आलं.