लाल पट्टी शेवटाला

मी एक टेप बोलतोय. हौस म्हणून नाही. माझ्यावर जे उमटलंय ते कुणी सरळ ऐकेना, म्हणून तोंड उघडावं लागलं.

शिक्षण म्हणाल तर शून्य. प्लास्टिकची लांब पट्टी आणि तिच्यावर लोखंडाच्या गंजाचा लेप, एवढंच माझं भांडवल. पण गंज म्हणून नाक मुरडू नका. हा गंज एकदा ऐकलेलं विसरत नाही. माणसांचं तसं नाही.

मी कामाला लागलो ते रेडिओच्या इमारतीत, तळघरातल्या एका खोलीत. तिथे कपाटाएवढं यंत्र होतं. तार छेडायची नाही, फुंकर घालायची नाही, नुसत्या विजेतून सूर काढायचे. ते यंत्र एक बाई चालवायच्या. बातम्यांआधी वाजणाऱ्या धुना बनवणं ही त्यांची नोकरी. लोक त्यांना बटणबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या जवळून.

बाई एकेक सूर सुटा घडवायच्या. बटण केसभर फिरवायचं, सूर माझ्यावर उतरवायचा, मग ब्लेडने मला कापून पुढच्या तुकड्याला चिकटवायचं. हे चालू असताना डावा तळहात स्पीकरच्या लाकडावर. कान फसतात, हात फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला कापलं याची तक्रार नाही. हात कसा आहे ते कापून घेणाऱ्यालाच कळतं.

आई गेली त्या वर्षी बाईंनी स्वतःचं असं एकच काम केलं, ते माझ्यावर. सुरुवातीला जड, घट्ट आवाज, छातीवर धोंडा ठेवावा तसा. मग त्यातून एकेक सूर सुटत जातो. शेवटी एकच बारीक सूर उरतो आणि तोही विरतो. "संपलं कधी, ते कळता कामा नये," बाई म्हणाल्या. मलाच म्हणाल्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

साहेबांनी ऐकलं. "बटणबाई, हे संगीत आहे की नळात हवा अडकलीये?"

सगळे खिदळले.

"हवाच अडकलीये, साहेब," बाई म्हणाल्या. "निघायला वेळ लागतो."

बाईंची एक शिस्त होती. टेप वाजवून झाला की परत गुंडाळायचा नाही. शेवट बाहेर ठेवूनच डब्यात घालायचा. कारण वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलं की एका थराचा आवाज शेजारच्या थराला पुसटसा लागतो. शेवट बाहेर असला तर ती सावली आवाजाच्या मागे पडते, आधी नाही. ओळख म्हणून सुरुवातीला पांढरी पट्टी, शेवटाला लाल. वाजवण्याआधी मला उलगडून पांढरी बाहेर काढायची. त्या तळघरात हे कुणाला सांगावं लागत नसे.

पुढे खोली बंद झाली. जुने टेप पुसून पुन्हा वापरा, असा हुकूम निघाला. फळीवरचे माझे शेजारी एकेक करून गेले. आज त्यांच्यावर कुणाची भाषणं आहेत, देव जाणे. मला बाईंनी जेवणाच्या पिशवीत घातलं, वर रिकामा डबा ठेवला आणि पहारेकऱ्यासमोरून ताठ मानेने बाहेर पडल्या.

बाई धाकट्या बहिणीकडे राहायच्या. बहिणीने विचारलं, "ताई, त्या डब्यात काय आहे गं?"

"गंज."

"मग टाक की!"

टाकलं नाही. मी माळ्यावर गेलो, मोडका पंखा आणि जुन्या बॅगांमध्ये. लेप चिकट झाला. बाईंचे कान गेले. यंत्र भंगारात निघाल्याचं कुणीतरी चहा पिताना सांगितलं, तेव्हा बाईंनी कप खाली ठेवला आणि ओटा पुसायला घेतला.

मला खाली काढलं ते बहिणीच्या मुलाने, त्यालाही टक्कल पडल्यावर. जुने आवाज जपणाऱ्या एका संस्थेकडे तो मला घेऊन गेला. तिथे एक दाढीवाला तज्ज्ञ होता. मला बघून त्याचे डोळे भरून आले, हे कबूल करतो. त्याने मला मंद उबेत सुकवलं, तान्ह्या मुलासारखं हाताळलं. "जुना जीव आहे, उगाच मागेपुढे फिरवायला नको," म्हणाला. त्याने बाहेर दिसलेलं टोक धरलं आणि मला तसंच वाजवून आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. लाल टोक.

काळजीपोटी घात झाला. माझा शेवट सुरुवात झाला. शून्यातून बारीक सूर निघाला, सूर जमत गेले, आवाज फुगत फुगत गेला आणि खटकन तुटला. दाढीवाला ओरडला, "काय शेवट आहे!"

मग कौतुकाला ऊत आला. मोठं सभागृह भरलं. मलाही काचेच्या पेटीत नवरदेवासारखं बसवलं. पहिल्या रांगेत बाई, शेजारी भाचा. बाईंनी वाकून तळहात पुढच्या लाकडी मंचावर ठेवला होता. आवाज तुटला आणि लोक उभे राहिले.

भाचा त्यांच्या कानाशी ओरडला, "मावशी, बघ, टाळ्या थांबत नाहीयेत!"

"उलटं आहे रे."

"काय उलटं?"

"सगळं. धोंडा आधी हाताला लागायला हवा. लाल पट्टी शेवटाला असते. कुणी लावलं हे?"

दाढीवाला हात जोडून वाकला. "आजी, तुम्ही काळाच्या किती पुढे होतात!"

"पुढे कसली, मेल्या. मागून वाजवतोयस तू."

आसपासचे खो खो हसले. "या वयात काय विनोदबुद्धी आहे!" बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. नळातल्या हवेवरून सगळे खिदळले तेव्हा पाहिलं होतं, तसंच. मग हात मांडीवर घेतला.

दाढीवाल्याला मात्र ते टोचलं. दुसऱ्या दिवशी भाच्यासमोर त्याने कॉम्प्युटरवर एक बटण दाबून सगळं सरळ केलं आणि ऐकलं. बारीक सूर विरला, तरी दोघं कान देऊनच बसले होते. पहिल्यांदाच कुणीतरी मला नीट ऐकलं होतं.

मग दाढीवाला म्हणाला, "उलट्याचीच तबकडी निघून बाजारात गेलीये. सगळीकडे त्या शेवटावरच लिहून आलंय. आता काय तोंड दाखवायचं?"

भाचा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "राहू दे. मावशीला तरी कुठे ऐकू येतं."

हिवाळ्यात बाई गेल्या. निरोप द्यायला तेच लावलं, उलटंच. आवाज खटकन तुटला आणि एकाने सवयीने टाळी वाजवली.

आता मी थंड खोलीत, काचेआड आहे. लोक फोटो काढतात. एक गंमत सांगतो. उलटं वाजवताना मी दुसऱ्या चाकावर गुंडाळला गेलो. त्यामुळे पांढरी पट्टी आपोआप बाहेर आलीये. तिच्यावर त्यांनी 'शेवट' असं लेबल चिकटवलंय. मला नुसतं यंत्रावर चढवलं तरी मी सरळ वाजेन.

माझा लेप झडतोय. एकदा वाजायला पुरेल इतकाच उरलाय. दया नकोय. कुणी यायचं असेल तर लेबल काढा, पांढरं टोक धरा, हात लाकडावर ठेवा. आणि लगेच टाळ्या पिटू नका. संपलंय का, ते आधी नीट ऐका.