नवरी दारात थांबते

चाकणच्या एका कारखान्यात बिनड्रायव्हरची एक गाडी होती. मागे लोखंडी मालाने भरलेले तीन डबे ओढत ती पहिल्या शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायची, आणि मधल्या दारात आली की थांबायची. दर फेरीला. माणूस दम खातो तेवढा वेळ थांबायची आणि मग आपली आपण निघायची. कामगारांनी तिचं नाव नवरी ठेवलं होतं. माप ओलांडायच्या आधी नवरी उंबरठ्याशी थांबते ना, तशी! खंडेनवमीला बायकांनी तिला हळदकुंकू लावलं, वर हिरव्या बांगड्याही अडकवल्या. हसून हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची.

त्यांना हसू यायचं, पण दिव्याच्या जिवाला घोर लागला होता. नवरीचं हे थांबणं बंद करायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं.

गाडीला हुकूम वायफायवरून मिळायचे. दोन्ही शेडच्या छताला वायफायच्या वेगवेगळ्या पेट्या होत्या. दारात आली की गाडी मागच्या पेटीचा हात सोडायची, पुढची पेटी शोधायची, तिला आपली ओळख पटवायची, आणि मगच तिला पुढचा हुकूम मिळायचा. हुकूम नाही तर चालायचं नाही, असं तिच्या हाडातच घातलेलं होतं. दिव्याला हा हातबदल इतका झटपट करायचा होता, की गाडीला थांबायचं कारणच उरू नये.

ताथवड्यातल्या एका लहानशा फर्ममध्ये ती इंजिनियर होती. मालक अफताब सर. माणूस भला, पण यावेळी त्यांचाही चेहरा उतरलेला. "दिव्या, शुक्रवारी कंपनीचे मोठे साहेब चाचणी बघायला येणार," ते म्हणाले होते. "त्यांच्यासमोर गाडी दारात थांबली, तर काम गेलं. आणि हे काम गेलं तर आपलं ऑफिस बंद. तुझ्यापासून काय लपवू?"

ऑफिस बंद म्हणजे दिव्याची नोकरी बंद. आणि नोकरी बंद म्हणजे आई त्या शेडमध्येच. हो, तिची आई, सुमनताई, त्याच कारखान्यात दुसऱ्या शेडमध्ये कंत्राटी कामगार होती. नवरा गेल्यावर परभणीहून लेकीला घेऊन आलेली बाई, खोकी भरता भरता तिने पोरीला इंजिनियर केलं. गुडघे पार गेले होते. ही नोकरी टिकली की आईला आधी तिथून बाहेर काढायचं, एवढं एकच वेड घेऊन दिव्या राबत होती.

संध्याकाळी रहाटणीच्या खोलीत आई भाजी निवडायची आणि तिची टकळी चालू व्हायची. "बाई गं, पाण्याचा नळ हाय गाडीच्या वाटेच्या पल्याड, अन् सुट्टीत मधी गाडीच आडवी. सुपरवायझर म्हणतो, बाहेरून फिरून जावा. फिरून जायला निम्मी सुट्टी जाती! मग नवरी दारात थांबली की आमी गाडी अन् डब्याच्या मधली दांडी ओलांडतो अन् पल्याड जातो."

"हं," दिव्या म्हणायची. नजर लॅपटॉपवर.

"थांबती म्हणून बरं हाय. गुणाची हाय बिचारी."

"हं."

हे 'हं' लक्षात ठेवा. घरोघरी आया बोलत असतात आणि लेकरं 'हं' म्हणत असतात.

दिव्याने काय काय करून पाहिलं नाही! पेट्या हलवल्या, त्यांची तोंडं फिरवली, जुनी सेटिंग पुसून नवी घातली. काडीचा फरक नाही! गाडी दारात यायची आणि थांबायची. दिव्याचं जेवण सुटलं, झोप उडाली. एकदा तर स्वच्छतागृहात जाऊन ती ओक्साबोक्शी रडली. आता काही आपल्याच्याने होत नाही, असं तिने मनात कबूलही करून टाकलं होतं.

आणि गुरुवारी जमलं. गुरुवार म्हणजे कारखान्याची आठवड्याची सुट्टी. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. गाडी मागच्या पेटीपाशी असतानाच पुढच्या पेटीशी तिची ओळख पटवून ठेवायची, अशी युक्ती दिव्याला सुचली. लग्नाआधीच सासरची माणसं माहितीची करून द्यावीत, तसं. नवरी दारात आली आणि न थांबता सरळ आत गेली. पुन्हा गेली. पुन्हा गेली! दिव्या त्या मोकळ्या शेडमध्ये वेड्यासारखी नाचली. घरी पोचली तेव्हा आई झोपली होती, म्हणून बोलणं झालं नाही.

शुक्रवारी सकाळी शेड भरलेली होती. साहेब लोक पलीकडच्या टोकाला उभे, अफताब सर घामाघूम. मधल्या खांबावर एक कपाट होतं. दोन्ही छतांवरच्या पेट्यांच्या वायरी त्यातच उतरायच्या. दिव्या तिथे लॅपटॉप घेऊन बसली होती. पहिली फेरी सुटली. नवरी दारातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अफताब सरांनी लांबूनच हात जोडले. दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलीस गं आई, ती मनात म्हणाली.

दुसरी फेरी निघाली आणि चहाच्या सुट्टीचा भोंगा वाजला.

सुमनताई रिकाम्या बाटल्या घेऊन दाराकडे निघाल्या. दिव्याने त्यांना पाहिलं आणि तिला बरंच वाटलं, की बघू दे आईला लेकीची करामत. तेवढ्यात नवरीचं तोंड दारातून आत आलं. गाडी आणि डब्याच्या मधली दांडी रोज जिथे थांबायची, त्या जागी सुमनताई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी साडीचा घोळ वर धरला. रोजच्यासारखा.

आणि सगळी 'हं' दिव्याच्या कानात एकदम बोलू लागली.

"आई! आई गं!" ती ओरडली. पण पत्रे दाबणारे प्रेस धडाधडा चालू होते आणि सुमनताईंच्या कानात बोळे होते. फोन तर सगळ्यांचेच गेटवर जमा. गाडीच्या पुढच्या बाजूला डोळा होता, समोर माणूस आलं तर ती थांबायची. मधल्या दांडीला कुठला डोळा? मागे मणामणाचे डबे. आईचा पाय उचलला गेला. धावून पोचणं शक्यच नव्हतं.

दिव्याने कपाटात हात घातला आणि हाताला लागल्या तेवढ्या सगळ्या वायरी हिसडून उपटल्या.

गाडीला हुकूम मिळायचा बंद झाला. नवरी जागच्या जागी थांबली.

सुमनताईंनी एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा टाकला. गुडघा धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि नळाकडे गेल्या. काही म्हणजे काही कळलं नाही त्यांना.

पलीकडून आरडाओरडा सुरू झाला. "थांबली! परत थांबली!" साहेबांनी माना हलवल्या आणि ते निघाले. अफताब सर धावत आले, दिव्याच्या हातातल्या वायरी बघून मटकन खाली बसले. "हे काय केलंस? अगं, काय केलंस हे?"

दिव्याने दाराकडे बोट दाखवलं. दारात आता दुसऱ्या दोन बायका दांडी ओलांडत होत्या, गप्पा मारत. अफताब सरांनी ते पाहिलं. "या अल्लाह," एवढंच ते म्हणाले.

भरलेल्या बाटल्या घेऊन सुमनताई परत आल्या, तर लेक जमिनीवर बसून हुंदके देत होती आणि तिच्या मुठीत वायरी होत्या. सुमनताईंनी कानातले बोळे काढले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग वायरींकडे, मग दारातल्या गाडीकडे. हळूहळू त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. बाटल्या खाली ठेवून त्या लेकीशेजारी टेकल्या.

"आज ती थांबणार नव्हती व्हय गं?"

दिव्याने मान डोलावली.

"मग बाई, मला आधी सांगायचं न्हाईस का?"

"तूच सांगत होतीस, आई," दिव्या म्हणाली. "रोज सांगत होतीस."